व्हिडिओतला खांब कसा काढायचा, आणि कुठला काढायचा नाही

ट्रेनमध्ये उभे असाल, एक हात वर हँडलला आणि दुसऱ्यात फोन असेल, तर आज स्क्रीनकडे बघायची गरज नाही. नुसतं ऐका. आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "दादा, व्हिडिओ मस्त आलाय, पण मागे अमुक आलंय, ते काढता येईल का?" या अमुकात काय काय असतं बघा. विजेचा खांब, कचऱ्याचा डबा, मध्येच घुसलेली रिक्षा, शेजारच्या गच्चीवरची निळी ताडपत्री. आणि एकीने लिहिलंय, "आमचे जिजू." त्यांच्याकडे येतोच, थांबा.

नवीन असाल तर थोडक्यात सांगतो. मी एडिटर आहे. राहतो मुलुंडला, काम अंधेरी पूर्वेला. रोज घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो. मोठ्या सिनेमांत माझं नाव शोधू नका, मिळणार नाही. लग्नं, सोसायट्यांचे कार्यक्रम, दुकानांच्या जाहिराती, यूट्यूबवाल्यांचे व्हिडिओ असं सगळं येतं. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक कामात काहीतरी पुसायचं असतंच. हे आपलं उपनगर आहे भाई. कॅमेरा कुठेही धरा, फ्रेममध्ये केबलची एक तरी वायर येणारच.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग बाकीचं आपोआप कळेल. फोनमध्ये फोटोतली वस्तू बोट फिरवून गायब करायची सोय आता सगळ्यांनी वापरलीय. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर मॅजिक इरेझर आणलं, ॲपलने २०२४ मध्ये क्लीन अप दिलं. त्यामुळे लोकांना वाटतं, व्हिडिओ म्हणजे भरपूर फोटोच ना, मग तसंच बोट फिरवायचं. पण गणित करा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये २५० फोटो झाले. प्रत्येक फोटोत खांब काढून मागची भिंत थोडी थोडी वेगळी बनली, तर क्लिप चालवल्यावर ती भिंत उकळल्यासारखी दिसते. एकच फोटो बघणाऱ्याला फसवणं सोपं आहे. सलग २५० फोटो बघणाऱ्याला फसवणं अवघड, कारण हलणारी गोष्ट डोळ्याला आधी दिसते.

म्हणून मी क्लिप हातात आली की पहिला प्रश्न हाच विचारतो: या वस्तूच्या मागे काय आहे, हे याच क्लिपमधल्या दुसऱ्या एखाद्या फ्रेमला माहीत आहे का?

एस. व्ही. रोडवर तुम्ही फोन स्टँडवर लावून मित्राचं बोलणं शूट केलंत आणि मागून रिक्षा गेली. ती रिक्षा जिथे आत्ता आहे तिथलं दुकान दोन सेकंदांपूर्वी मोकळं दिसत होतं. म्हणजे मागचं चित्र तुमच्याकडे आहे, फक्त वेगळ्या वेळेचं आहे. ते तिथून उचलायचं आणि इथे लावायचं. आता उलटं बघा. फोन स्थिर, आणि खांबही स्थिर. खांब काही चालत जाणार नाही. त्याच्या मागे काय आहे ते संपूर्ण क्लिपमध्ये कुणीच पाहिलेलं नाही. इथे जे काही येईल ते कल्पनेतून येईल, तुमच्या किंवा सॉफ्टवेअरच्या. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय शूटिंगच्या वेळीच करायचा असतो, आणि तो फुकट आहे. त्याला क्लीन प्लेट म्हणतात. शॉट संपला की फोन जागचा हलवू नका. माणसांना बाजूला करा, नको असलेली वस्तू हलवता येत असेल तर हलवा, आणि रिकामी फ्रेम आणखी दहा सेकंद शूट करा. त्याआधी स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर माणूस बाजूला झाला की फोन स्वतःच उजेड कमी-जास्त करतो आणि तुमची प्लेट जुळत नाही. दहा सेकंदांचं काम आहे. शंभरातले नव्वद लोक करत नाहीत, आणि मग मला रात्री साडेअकराला फोन येतो.

आता सॉफ्टवेअर. हे सांगताना लोक थेट एआयवर उडी मारतात. मी शेवटी मारतो. आधी बघतो की क्रॉप करून वस्तू बाहेर जाते का. फोर-के शूट असेल आणि फायनल व्हिडिओ एचडी असेल तर चारही बाजूंनी भरपूर जागा असते. नाही गेली, तर तेवढा भाग कापून दुसरा शॉट लावता येतो का ते बघतो. गाडीचा नंबर किंवा अनोळखी माणसाचा चेहरा असेल तर ब्लर करून मोकळा होतो, तिथे गायब करायची गरजच नाही. हे तिन्ही जमलं नाही तरच पॅच.

पॅच म्हणजे अगदी शिंप्याचं काम. स्वच्छ फ्रेम शोधायची, तिच्यातला हवा तेवढा तुकडा मास्कने कापायचा, नको असलेल्या वस्तूवर बसवायचा. कॅमेरा हलत असेल तर तुकडा भिंतीबरोबर हलला पाहिजे, त्यासाठी ट्रॅकिंग. आफ्टर इफेक्ट्सबरोबर मोका मिळतं, सपाट गोष्टी ट्रॅक करायला त्याच्याइतकं भरवशाचं मी दुसरं वापरलेलं नाही. कडा थोड्या मऊ करायच्या. आणि मग एक गोष्ट, जी नवीन पोरं हमखास विसरतात: ग्रेन. फोनच्या व्हिडिओत, विशेषतः संध्याकाळनंतर, बारीक दाणे सतत हलत असतात. तुमचा तुकडा एकाच फ्रेममधून घेतलेला, त्याचे दाणे गोठलेले. सगळी भिंत जिवंत आणि मध्ये एक चौकोन मेलेला. लोकांना नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण त्यांचा डोळा तिथेच जाऊन थांबतो. तुकड्यावर तेवढीच ग्रेन टाका, चौकोन नाहीसा होतो.

आपल्याकडची आणखी एक भानगड म्हणजे ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुने दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोन ३० फ्रेमवर असेल आणि शटर जुळत नसेल तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. अशा भिंतीवर पॅच बसवणं म्हणजे शिक्षा आहे, कारण प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा. हॉलमध्ये शूट करताना २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, माझ्यासारख्या एखाद्याचे आशीर्वाद मिळतील.

मग एआयवाले पर्याय. फोटोशॉपमध्ये कंटेंट-अवेअर फिल २०१० पासून होतं. व्हिडिओसाठी ते आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१९ साली आलं. तुम्ही वस्तूभोवती मास्क काढून भोक पाडायचं, आणि ते आजूबाजूच्या फ्रेम बघून भोक भरतं. दाविंची रिझॉल्व्हमध्ये ऑब्जेक्ट रिमूव्हल आहे, पण ते स्टुडिओ आवृत्तीत, म्हणजे पैसे देऊन घ्यावी लागते तीत. दोन्ही चांगली आहेत. दोन्हींचा आत्मा मात्र तोच, मघाशी सांगितलेला: दुसऱ्या फ्रेममध्ये माहिती असेल तर कमाल करतात, नसेल तर अंदाज करतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये अशा वेळी रेफरन्स फ्रेम बनवायची सोय आहे. एक फ्रेम फोटोशॉपमध्ये हाताने नीट करून द्यायची, म्हणजे सॉफ्टवेअरला कळतं की मागे काय हवंय. हे करा. नुसतं बटण दाबून चहा प्यायला जाऊ नका.

आणि मास्क काढताना सावली विसरू नका. पावसाळ्यात तर सावलीबरोबर ओल्या रस्त्यातलं प्रतिबिंबही. एका जाहिरातीत मला उभी स्कूटर काढलेला कच्चा व्हिडिओ बघायला मिळाला होता. स्कूटर गेली होती, डबक्यात मात्र ती दिमाखात उभी होती.

थोडं मागे जाऊया, कारण ही कला काही कॉम्प्युटरबरोबर आलेली नाही, आणि तिचा एक धागा थेट आपल्या अंधेरीतून जातो. धागा हा शब्द मुद्दाम वापरतोय.

१९३७ साली 'ख्वाब की दुनिया' नावाचा सिनेमा आला. विजय भट्ट यांचा, प्रकाश पिक्चर्सचा. या प्रकाशचा स्टुडिओ अंधेरीत होता. पुढे १९४३ मध्ये शोभना समर्थ सीता झालेला 'रामराज्य' बनवला तो याच लोकांनी. हॉलीवूडमध्ये १९३३ साली 'द इन्व्हिजिबल मॅन' येऊन गेला होता, त्यावरून 'ख्वाब की दुनिया' सुचला. अदृश्य माणूस दाखवायचा. माणूस दिसत नाही, पण वस्तू हलताना दिसतात. हे काम आलं बाबूभाई मिस्त्री यांच्याकडे. मूळचे सुरतेचे, वय तेव्हा विशीच्या आत. त्यांनी काय केलं, तर काळा पडदा आणि काळा धागा. काळ्यापुढे काळं, त्यावर उजेड पडू द्यायचा नाही, म्हणजे फिल्मवर धागा उमटतच नाही. वस्तू हवेत फिरते. या कामावरून लोक त्यांना 'काला धागा' म्हणायला लागले, आणि ते नाव चिकटलं. पुढे ते स्वतः दिग्दर्शक झाले. १९६१ चा 'संपूर्ण रामायण' त्यांचा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं पदार्पण ज्यात झालं तो १९६३ चा 'पारसमणी'ही त्यांचाच.

मला हा किस्सा आवडतो तो जुन्या आठवणींसाठी नाही. बाबूभाईंकडे पुसायचं साधन नव्हतं, म्हणून धागा उमटणारच नाही याची सोय त्यांनी आधी केली. आज उलट झालंय. हीरोला जाड केबल बांधतात, सगळं स्वच्छ उमटू देतात, आणि मग कुणीतरी बसून फ्रेममागून फ्रेम ती केबल पुसतं. सुरक्षिततेसाठी हे चांगलंच आहे, जाड केबल तुटत नाही. पण तो 'कुणीतरी' बऱ्याचदा आपल्याच भागातला असतो, हे किती जणांना माहीत आहे? रोटो आणि पेंट नावाचे विभाग असतात. रोटो म्हणजे फ्रेममागून फ्रेम आकार कोरणं, पेंट म्हणजे नको ते पुसणं. नमित मल्होत्रा यांनी १९९७ मध्ये मुंबईत सुरू केलेली प्राइम फोकस २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी जोडली गेली, आज तिला डीनेग म्हणून ओळखतात. सिनेमा संपल्यावर नावांची जी लांबच लांब यादी सरकते ना, आणि आपण दारातल्या गर्दीकडे बघत असतो, त्या यादीत पेंट विभागाखाली मराठी आडनावं सापडतात. एकदा थांबून बघा. या लोकांचं काम चांगलं झालं तर ते दिसत नाही, आणि मित्रांना दाखवायचं म्हटलं तर दाखवणार काय, "इथे काहीच नाही, ते मी केलंय"?

बरं, जिजू.

बोरिवलीच्या एका मुलीने लिहिलंय. ताईचं लग्न मोडलं, पण त्याच वेळचा आजोबांच्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ आहे. आजोबा आता नाहीत. ताईला तो व्हिडिओ हवाय, जिजू नकोत. "दादा, काढता येतील का?"

तांत्रिक उत्तर आधी देतो. माणूस काढणं खांबापेक्षा दहापट अवघड, आणि घरच्या समारंभातला माणूस सगळ्यात अवघड. तो एकटा उभा नसतो. त्याचा हात कुणाच्या तरी खांद्यावर असतो. लोक त्याच्याकडे बघून हसत असतात. त्याला काढलंत तर खांद्यावर चार बोटं उरतात आणि तीन माणसं हवेकडे बघून हसतात. म्हणून मी तिला सांगितलं, पुसू नकोस, पुन्हा काप. आजोबांचे जवळचे शॉट जास्त वेळ ठेव, औक्षणाचं ताट, केक, पाहुण्यांचे चेहरे मध्ये टाक, जिथे जिजू फ्रेमच्या कडेला आहेत तिथे क्रॉप कर. आवाज सलग ठेवलास तर कट कुणाला जाणवत नाही. तिने पाठवलेला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला, आणि एकही पिक्सेल पुसावा लागला नाही. एकाच ठिकाणी अडलो. आजोबा आशीर्वाद देतायत आणि खाली दोघं जोडीने वाकलेत. तो शॉट ठेवायचा की नाही हे मी ठरवलं नाही, ताईला विचार म्हटलं. ताई म्हणाली, राहू दे.

मूळ चाळीस मिनिटं मात्र दोन हार्ड डिस्कवर ठेवायला सांगितली. त्याचं कारण आता सांगतो.

मुलुंडहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने दक्षिणेकडे जाताना भांडुप, विक्रोळी सोडलं की घाटकोपरला छेडानगर लागतं. २०२४ च्या जानेवारीत एका कामासाठी गाडीतून त्या रस्त्याचे शॉट घेतले होते. क्लायंटला मोकळा रस्ता आणि आकाश हवं होतं, जाहिराती नकोत. साहजिक आहे, दुसऱ्याचा ब्रँड आपल्या व्हिडिओत कुणालाच नको असतो. मी होर्डिंगं काढली. गाडी पुढे सरकत असल्यामुळे मागचं आकाश भरणं सोपं होतं. आकाश हा जगातला सगळ्यात सोपा पॅच.

१३ मे २०२४ ला संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि छेडानगरच्या पेट्रोल पंपावर तिथलं महाकाय होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. महापालिकेची परवानगी जास्तीत जास्त ४० बाय ४० फुटांची असते, हे होतं साधारण १२० बाय १२० फुटांचं. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. मी दोन दिवसांनी मूळ क्लिप उघडली. पेट्रोल पंप, रांगेतल्या गाड्या, आणि त्यांच्या डोक्यावर ते. शेजारच्या दिव्याच्या खांबाशी तुलना केली की आकार कळतो. आम्ही सगळे रोज तिथून जायचो आणि कुणाच्या व्हिडिओत ते 'मध्ये येणारी वस्तू' होतं. माझ्या दिलेल्या फाइलमध्ये तिथे स्वच्छ निळं आकाश आहे. जाहिरात म्हणून ती फाइल ठीक आहे, तिने कुणाला फसवलं नाही. पण तेवढीच उरली असती तर त्या रस्त्यावर काय उभं होतं हे माझ्याकडच्या फुटेजला सांगता आलं नसतं.

म्हणून माझ्याकडे मूळ फाइल कधीच ओव्हरराइट होत नाही. नावातच तारीख आणि 'मूळ' असं लिहितो. फोनमध्ये एडिट करून 'सेव्ह' दाबण्याआधी बघा, ते नवीन प्रत बनवतंय की जुनीवरच लिहितंय.

तुमच्या कामाचं आणखी एक सांगतो. भांडण, अपघात, सोसायटीतली गळती, असं काही शूट केलं असेल आणि ते कधी पोलिसांत किंवा कोर्टात जाईल असं वाटत असेल, तर त्या क्लिपला हातच लावू नका. ट्रिमसुद्धा नको, स्थिर करायचा इफेक्ट नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. एक फ्रेम बदलली तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तरी तो दाबून लहान केला जातो, ठसा वेगळा. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि फोनमधला मूळ डिलीट करू नका.

आता ज्या खांबाला मी नाही म्हणालो तो. एका फ्लॅटच्या जाहिरातीचं काम आलं होतं. कोणाचं ते सोडा. गॅलरीतून डोंगर दिसतो असा सुंदर शॉट, आणि बरोबर मध्ये हाय टेन्शनचा टॉवर, तारांसकट. "तेवढा टॉवर काढा ना, आणि खालचा नाला जरा हिरवा करा." मघाचा फरक आठवा. कॅमेरा ड्रोनवर होता, टॉवरमागचा डोंगर दुसऱ्या फ्रेममध्ये होता, काम तासाभराचं. पण इथे प्रश्न मागे काय आहे याचा नव्हता. जो माणूस वीस वर्षांचं कर्ज काढून ती गॅलरी विकत घेणार, त्याच्या गॅलरीतून टॉवर जाणार नाही. रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केलाय. मी त्यांना एवढंच म्हटलं, "साहेब, शूटिंगच्या वेळी आलेली आमची गाडी काढतो, क्रेन काढतो, ड्रोनची सावली काढतो. टॉवर राहील." ते म्हणाले, बघतो. ते काम दुसऱ्याकडे गेलं. त्या महिन्यात ते पैसे लागत होते, खोटं कशाला बोलू. टॉवर पुसणारा शहरात सहज मिळतो, माझ्यापेक्षा स्वस्तातही मिळतो.

तुमच्यातले बरेच जण फ्लॅट बघतायत, भाड्याचा तरी. तेव्हा जाहिरातीचा व्हिडिओ बघताना एक करा. आकाशाला टेकलेल्या कडा बघा, गच्च्या, झाडांचे शेंडे. कॅमेरा सरकताना एखादा पट्टा हलका थरथरत असेल, किंवा तारा एका बाजूने येऊन मध्येच संपत असतील, तर तिथे काहीतरी होतं. मग शनिवारी उठून प्रत्यक्ष जाऊन गॅलरीत उभे राहा.

पुढच्या भागात आवाज. मागून येणारा हॉर्न, कुकरची शिट्टी, फॅनची घरघर, यातलं काय काढता येतं ते. तुमच्या क्लिप पाठवा, आणि कृपा करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.